स्पेस इन्व्हेडर्सचे ते चार सूर

परवा स्पेस इन्व्हेडर्स पुन्हा खेळायला घेतला आणि मध्येच आवाज बंद करून बघितला, सहज. गेम तोच, एलियन तेच, पण सगळी भीतीच गेली!

१९७८ चा गेम, तोमोहिरो निशिकादोने बनवलेला. म्युझिक म्हणाल तर खाली उतरत जाणारे फक्त चार सूर, धुम धुम धुम धुम, की परत पहिल्यापासून. आता बघा, सुरुवातीला स्क्रीनवर ५५ एलियन असतात आणि मशीन एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात, एकच एलियन हलवतं, म्हणजे अख्खी पलटण एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद जातो, मग तुम्ही मारत जाल तसे हलवायला कमी उरतात आणि उरलेले आपोआप जोरात पळायला लागतात, आणि ते चार सूरही त्यांच्यासोबत घाईला येतात. जिंकत आलेलो असतो आपण, तरी धडधड वाढतच जाते. मला तर वाटतं की डोळ्यांआधी कानालाच कळतं आता थोडेच उरलेत म्हणून.

सुपर मारिओ ब्रदर्समध्ये (१९८५) संगीतकार कोजी कोंडोने हेच फार प्रेमाने केलंय. पाण्याखालची लेव्हल आली की चाल एकदम तीन मात्रांची, डुलणारी, आणि मारिओही तिथे तसाच तरंगत असतो. जमिनीखाली गेलं की तुटक तुटक सूर आणि मध्ये शांतता, मागे काळी स्क्रीन. टायमर १०० च्या खाली आला की तीच धून पळायला लागते, आकड्याकडे बघावंच लागत नाही. मारिओ ज्या मशीनवर चालायचा त्याच्याकडे आवाजाचे चॅनल पाचच होते, म्हणून उडी मारली किंवा नाणं घेतलं की म्युझिकमधला एक आवाज क्षणभर बाजूला होऊन त्याला जागा देतो. लोक याला मर्यादा म्हणतात, मला मात्र त्यामुळे आपली उडी त्या गाण्यातच वाजल्यासारखी वाटते.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सुपर मारिओ वर्ल्ड, १९९० चा. योशीवर, म्हणजे मारिओच्या डायनासोरवर, बसलात की चालू असलेल्या धूनमध्ये बोंगो वाजायला लागतात, उतरलात की बंद. धक्का बसून योशी पळत सुटतो ना, तेव्हा तो अजून स्क्रीनवर दिसत असतो, पण बोंगो आधीच थांबलेले असतात. मग मी सगळं सोडून त्याच्यामागे धावते.