बर्थच्या गाद्या: एक झाली, एक उसवली, एक अजून कागदावर

गेल्या नोंदीत बोटीच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बर्थसाठी (झोपायच्या फळीसाठी) नव्या गाद्यांचे पुठ्ठ्याचे साचे तयार असल्याचं लिहिलं होतं. ते साचे निम्मे वाया गेले. का गेले ते आधी सांगतो.

जुन्या गाद्या समोर होत्याच, म्हणून त्याच आखून घेतल्या. पण पंधरा-वीस वर्षं दबलेला फोम आपला मूळ आकार कधीच विसरलेला असतो. कडा आत ओढल्या जातात आणि कोपरे गोल होतात. साचा बर्थवर ठेवला तेव्हा बोटीच्या भिंतीलगत दोन बोटं जाईल एवढी फट. शेवटी जाड पारदर्शक प्लॅस्टिक बर्थवर अंथरलं, चिकटपट्टीनं ताणून बसवलं आणि मार्करनं थेट फळीचीच कड गिरवली. पुन्हा करायचं झालं तर पहिल्या दिवसापासून हेच करीन.

खरी मेख भिंतीच्या तिरकसपणात आहे. नाळेजवळ बोटीची भिंत वर जाताना बाहेर झुकत जाते, त्यामुळे गादीचा वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद हवा. माझा फोम १०० मिमी जाडीचा आहे. गुण्या (काटकोनी पट्टी) उभा धरून मोजलं तर तेवढ्या उंचीत भिंत पायाकडे ५८ मिमी बाहेर जाते, उशाकडे फक्त २७ मिमी. म्हणजे पायाकडे साधारण ३० अंश आणि उशाकडे १५. हे कव्हरलाही लागू होतं. त्या बाजूला गादीची जाडी झाकणारी पट्टी १०० मिमीची कापली तर पुरत नाही. तिरकी कड पायाकडे ११६ मिमी भरते आणि उशाकडे १०४, म्हणून पट्टीच निमुळती कापावी लागते. वर दोन्हीकडे १२ मिमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड.

डावी गादी अशी झाली आणि मस्त बसली. त्या आनंदात उजवीचा फोम कापायला घेतला आणि साचा पालथा करायला विसरलो. ब्रेड कापायच्या करवती सुरीनं अर्धा तास खपून तिरकी कड अगदी सुरेख कापली, तिची धूळ झटकली, बर्थवर नेऊन ठेवली, आणि हातात दुसरी डावी गादी! उलटी करावी तर रुंद बाजू खाली जाते.

नवा फोम आणायची इच्छा नव्हती. तिरकी कड कापून सरळ केली आणि मग गादी पालथी केली. वाटलं, निघालेली पाचरच फिरवून चिकटवू. पण ती एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. फिरवली की जाड टोक उशाकडे जातं. कापडात ही चूक झाली असती तर निभावलं असतं, कारण माझं कापड साध्या विणीचं, सुतातच रंग मुरवलेलं ॲक्रिलिक आहे, दोन्ही अंगांनी सारखं. फोमला ती मुभा नाही. शेवटी सरळ केलेला भाग जागेवर ठेवला, भिंतीपर्यंतची फट दर २०० मिमीवर मोजली आणि उरलेल्या तुकड्यांतून नव्या पाचरी कापल्या. मोजताना लक्षात आलं की उजवी बाजू मुळात डावीसारखी नाहीच, मधल्या भागात १५ मिमीचा फरक आहे. म्हणजे साचा आठवणीनं पालथा केला असता तरी गादी चुकलीच असती. दोन्ही बाजूंचे साचे वेगळे घ्या, बोट कितीही सारखी दिसो.

पाचरी फवाऱ्याच्या गोंदानं चिकटवल्या. गोंद दोन्ही पृष्ठांवर मारून हाताला किंचित चिकट लागेपर्यंत थांबायचं. घाई केली तर ओल्या गोंदात फोम सरकतो. जोड बोटाला जाणवतो, पण वर पॉलिएस्टरच्या कापसाची पातळ चादर गुंडाळल्यावर दिसत नाही.

शिवणकामाचं थोडक्यात. १८ नंबरची सुई, पॉलिएस्टरचा जाड दोरा, ४ मिमीचा टाका. सुती दोरा नको, तो दमट हवेत कुजतो. पायपिंग, म्हणजे कडेच्या शिवणीत दोरी भरलेली गोट, घातलेलं नाही. दिसायला छान असतं आणि वाकडी शिवणही झाकतं, पण झोपल्यावर पोटरीखाली ती दोरी टोचते. बसायच्या गाद्यांना घालीन.

पहिल्या कव्हरला पट्टी जोडताना खुणेच्या खाचा मारल्या नव्हत्या. मशीन खालचं कापड थोडं जास्त ओढतं, वरचं मागे राहतं. दीड मीटर शिवून कोपऱ्यावर आलो तर पट्टीचा कोपरा २० मिमी पुढे निघून गेलेला. सगळं उसवलं. आता दर १५० मिमीवर वरच्या, खालच्या तुकड्याला आणि पट्टीला समोरासमोर खाचा मारतो, आणि कोपऱ्यात पट्टीच्या मायेला टाक्याच्या अलीकडेपर्यंत कात्री देतो, म्हणजे ती वळताना दुमडत नाही.

चेन उशाकडच्या पट्टीत आहे, पण दोन्ही कोपरे वळून १०० मिमी पुढे नेली आहे. तोंड तेवढं मोठं नसेल तर फोम आत जाताना कड फाटते. नायलॉनच्या गुंडाळीची चेन कोपऱ्यात सहज वळते. तिचा सरकणारा तुकडा मात्र प्लॅस्टिकचाच घ्या, कारण साधा धातू खाऱ्या हवेत अडकून बसतो.

फोम कव्हरपेक्षा सगळीकडून ६ मिमी मोठा ठेवला आहे, म्हणून ताण छान येतो, पण भरणं म्हणजे कुस्ती. उपाय: फोम पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून व्हॅक्यूम क्लीनरची नळी तोंडाशी धरायची. गादी पापडासारखी चपटी होते. तशीच आत सारायची, कोपरे कोपऱ्यांत बसवायचे आणि नळी काढायची. ती फुगत असताना पिशवी अलगद ओढून घ्यायची. माझी अर्धी आतच फाटून राहिली. रात्री कूस बदलली की कुरकुरते. ती काढायला कव्हर पुन्हा उघडावं लागणार आहे.

उजवीचं कव्हर कापून ठेवलं आहे. तिसरी गादी, म्हणजे दोघींमधला त्रिकोणी तुकडा, दोन्ही गाद्या बसल्यावरच मापणार. त्याआधी फळीला भोकं पाडायची आहेत. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि थंड फळीवर पाणी होऊन बसते. जुन्या गाद्यांच्या पोटाखाली जी काळी बुरशी निघाली ती तिथलीच. ३० मिमीची भोकं, दोन भोकांत वीतभर अंतर, आणि वर जाळीदार चटई. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल भोकाची करवत) आणला आहे, ड्रिलची बॅटरी चार्जिंगला लावली आहे.