वल्लभ विद्यानगर: शेतजमिनीवर वसवलेले विद्येचे गाव

आणंदला उतरणारा मराठी प्रवासी बहुधा अमूलची डेअरी पाहून अहमदाबादची गाडी धरतो. मीही डेअरी पाहिली, पण तेथून रिक्षाने गाठता येणारे वल्लभ विद्यानगर हेच माझे खरे ठिकाण होते.

सरदार पटेलांच्या प्रेरणेने भाईलालभाई पटेल, म्हणजेच भाईकाका, आणि भिखाभाई पटेल यांनी १९४६ साली येथे कामाला सुरुवात केली. भाईकाका स्थापत्य अभियंता होते आणि सिंधमधील सक्करच्या धरणावर त्यांनी काम केले होते. खेड्यातल्या मुलांना शिक्षणासाठी दूरचे शहर गाठावे लागू नये, म्हणून त्यांनी करमसद आणि बाकरोळच्या शेतकऱ्यांकडून जमिनी मागून घेतल्या. १९४८ साली बिर्ला विश्वकर्मा महाविद्यालय हे अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले आणि १९५५ साली विद्यापीठही आले. गुजरातचा हा भाग तेव्हा मुंबई राज्यात असल्यामुळे त्या विद्यापीठाचा कायदा मुंबईच्या विधिमंडळाने केला, याचे मला विशेष अप्रूप वाटले.

महाविद्यालयांमागून महाविद्यालये पाहत मी दुपारपर्यंत पायीच फिरले. मन अस्वस्थ झाले ते मोटा बाजार आणि नाना बाजारच्या भागात. परदेशी व्हिसा मिळवून देणाऱ्या आणि इंग्रजीच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या कार्यालयांच्या पाट्या तेथे इतक्या दाटीने लागल्या आहेत की मागची इमारत दिसत नाही. मुलांनी परदेशी जाऊ नये असे मी म्हणणार नाही; परंतु जे गाव घराजवळ शिकता यावे म्हणून वसवले गेले, तेथे दूर निघून जाण्याची जाहिरात सर्वांत ठळक असावी, हे मला फार लागले.

विद्यापीठाच्या आवारात दाहोदकडची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक मुलगी भेटली. दोन वाक्यांतच ती मला ‘मासी’ म्हणू लागली आणि माझे पाय दुखत आहेत हे ओळखून तिने आपल्या मैत्रिणींना सरकून बसायला लावले. तिच्या घरी मक्याची शेती आहे. ‘‘मुंबईला शिकायला जाते म्हटले असते, तर बापूजींनी नकोच म्हटले असते,’’ ती हिंदीत सांगत होती, ‘‘इथे मात्र ते स्वतः आले, वसतिगृह पाहिले, मेसमध्ये जेवले आणि मगच हो म्हणाले.’’ हे ऐकताना बाजारातल्या पाट्यांचा माझा राग बराच निवळला, कारण भाईकाकांनी ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यांच्यापैकीच एक माझ्या शेजारी बसली होती.

सरदारांचे आणि देणगीदारांचे नाव येथे जागोजागी वाचायला मिळते. जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांची नावे मात्र मी फिरले त्या रस्त्यांवर मला कोठेही आढळली नाहीत. ती एखाद्या चौकात, येता-जाता मुलांना वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत कोरली जावीत, असे मला मनापासून वाटते.