दहा रानडुकरं मारून आणायचा कंटाळा आला असेल तर हे गेम बघा

मध्यंतरी मोठ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये (एखादं पात्र होऊन इतरांसोबत एकाच जगात खेळायचे ते) लॉगिन करायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. डेली क्वेस्ट म्हणजे रोजची ठरलेली कामं उरका, दहा रानडुकरं मारून आणा, गिअरचा, म्हणजे शस्त्रं-चिलखताचा, नंबर थोडा वाढवा, आणि आजूबाजूला शेकडो प्लेयर पळतायत पण कोणाशी दोन शब्द बोलणं नाही. मग मी मुद्दाम छोटे गेम शोधायला लागले आणि लक्षात आलं की यातले जे मनात राहतात त्यांनी एखादी अशी गोष्ट सरळ काढून टाकलेली असते, जिच्याशिवाय हा प्रकार चालेल असं आपल्याला वाटलंच नसतं.

अ टेल इन द डेझर्ट घ्या. २००३ साली आलेला, प्राचीन इजिप्तमधला, आणि लढाई अजिबात नाही. मग करायचं काय, तर गवत कापून वाळवायचं, चिखल वाळू पेंढा घेऊन विटा पाडायच्या, जवस लावायचा, आणि एकट्याने पुरी होणार नाहीत अशी बांधकामं काढून माणसं गोळा करायची. खरी मजा कायद्यांची. प्लेयर स्वतः कायदा लिहितात, त्यावर सह्या गोळा करतात, मग मतदान होतं आणि पास झाला की शक्य असेल तर डेव्हलपर तो खरोखर गेममध्ये घालतात! डेमी-फेरो या गेममधल्या मोठ्या पदावर निवडून आलेल्या प्लेयरला तर ७ जणांना गेममधून कायमचं हाकलायचा अधिकार मिळतो, त्यामुळे मत कोणाला द्यायचं याचा लोक खरंच विचार करतात. आणि दर थोड्या काळाने ही सगळी कथा संपते, सर्व्हरवरचं सगळं पुसलं जातं, पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात. तेव्हा जुने आणि नवे सगळे एकाच रांगेत येतात, म्हणून आत शिरायचंच असेल तर तो मुहूर्त बघून शिरा.

द एंडलेस फॉरेस्ट (२००५) मध्ये चॅटच नाही. तुम्ही माणसाचा चेहरा असलेलं हरीण, नावाच्या जागी एक चिन्ह, आणि बोलायचं ते मान लववून, हंबरून, शेजारी बसून. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जादू स्वतःवर चालत नाही, ती फक्त दुसऱ्या हरणावर करता येते, म्हणजे स्वतःचं रूप बदलायचं तर कोणीतरी ते तुमच्यासाठी करावं लागतं, तेही शब्दाविना विनंती करून. पहिल्या दिवशी एका अनोळखी हरणाने मला कितीतरी वेळ जंगलभर फिरवलं, एक अक्षर न बोलता.

वर्म ऑनलाइन (२००६) धीर असलेल्यांसाठी, जमीन स्वतः खणायची, झाडं तोडायची, आणि ज्या रस्त्यावरून चालताय तोही कुठल्यातरी प्लेयरने फावड्याने सपाट केलेला असतो. पझल पायरेट्समध्ये जहाजाचं प्रत्येक काम एक कोडं आहे, पाणी उपसायचं कोडं नीट सुटलं नाही तर जहाजात खरंच पाणी साचतं आणि बाकीच्या खलाशांना ते जाणवतं.

ग्लिच मात्र आता खेळता येणार नाही. सप्टेंबर २०११ ला सुरू, डिसेंबर २०१२ ला बंद, त्याच टीमने पुढे स्लॅक हे ऑफिसातल्या लोकांनी आपसात मेसेज करायचं अ‍ॅप बनवलं. गेमची बरीचशी चित्रं नंतर त्यांनी सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली, हे फार चांगलं केलं. छोटे गेम असे जातात, त्यामुळे यादीत टाकून ठेवू नका, सर्व्हर चालू आहे का बघा आणि याच आठवड्यात एकदा जाऊन या.

शेवटचा वन अवर वन लाइफ, २०१८ चा, गेम डिझायनर जेसन रोहररचा. काटेकोर बघितलं तर तो रोल-प्लेइंग नाही, पण मी तो घेणारच. एक मिनिट म्हणजे एक वर्ष, साठ मिनिटांत आयुष्य संपतं. तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी प्लेयरच्या पोटी बाळ म्हणून जन्मता, तिने उचलून पाजलं तरच जगता, आणि बाळ असताना एकेकच अक्षर टाइप करता येतं. एकदा माझी आई उपाशी होती, गावात खायला जवळपास काही उरलं नव्हतं, तरी तिने मला उचललं आणि नाव ठेवलं. मी मोठी झाले, बेरीची झुडपं लावली, तोवर ती म्हातारी झाली होती. मी तिला शोधत गेले तर ती कुंपणापाशी तिसऱ्याच कोणाचं तरी बाळ कडेवर घेऊन उभी होती, मला म्हणाली याला धर, आणि तिची साठ मिनिटं संपली.