हॉर्निमन सर्कल ते बीकेसी: जुन्या रॅलीच्या आणि नव्या रेसच्या गाड्या एकाच रविवारी

गाड्यांचं वेड असेल तर थंडीत मुंबईतला एक रविवार असा काढाच. सकाळी फोर्टात हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रॅली आणि दुपारी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नव्या परफॉर्मन्स गाड्यांचा डिस्प्ले. आम्ही या वेळी दोन्ही एकाच दिवशी केलं आणि आता सगळ्यांना हेच सांगतोय, कारण सकाळी जुनी गाडी आतून बघितली की दुपारी नवीसमोर उभं राहून काय बघायचं ते नीट कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लवकर पोचा. झेंडा दाखवायच्या वेळेला अख्खी मुंबई तिथे येते आणि तोवर बॉनेट बंद झालेली असतात, मालक मंडळी फेटे बांधून गाडीत बसलेली असतात. खरी मजा त्याच्या तासभर आधी, मेकॅनिक लोक कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सेट करत असतात, एखादी गाडी चालू होता होता बंद पडते, पेट्रोलचा वास सुटलेला असतो आणि विचारलं तर सगळे मनापासून सांगतात, फक्त हात लावू नका. फोटो काढायचे तर समोरच्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवरून काढा, सकाळी ऊन पाठीमागून येतं, पण अगदी लवकर इमारतीची सावली रस्त्यावर पडते तेव्हा थोडं थांबा.

गर्दी रोल्स-रॉइसभोवती असते. मी सरळ कोपऱ्यात रॅलीच्या शर्यतीसाठी तयार केलेली प्रीमियर पद्मिनी होती तिकडे गेलो. खाली इंजिनाला दगड लागू नयेत म्हणून जाड संप गार्ड, त्यावर दगडांचे पोचे तसेच ठेवलेले, पुढे जास्तीचे दिवे, आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी माणसं वाचावीत म्हणून नळ्यांची चौकट, आणि शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नॅव्हिगेटरच्या समोर हाल्डा ट्विनमास्टर, अंतर मोजायचं यंत्र! हे यंत्र मी फोटोतच बघितलं होतं. 'काका, हे चालतं अजून?' म्हटलं तर मेकॅनिक काकांनी दार उघडून दाखवलंच. स्पीडोमीटरच्या केबलवर चालतं, आत अंतर मोजणारे दोन काउंटर, एक अख्ख्या टप्प्याचं अंतर धरून ठेवतो आणि दुसरा प्रत्येक वळणाला शून्यावर आणायचा. टायरचा साइज बदलला तर आतले गिअर बदलायचे, नाहीतर सगळा हिशोब चुकणार. 'जीपीएस कुठलं रे तेव्हा, बाजूला बसणाऱ्याचं डोकं चाललं पाहिजे,' काका म्हणाले. हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, आणि ही गाडी घेऊन लोक घाटातून रात्रीचे पळायचे, मला तर बघूनच भरून आलं.

मुंबईचं आणि रॅलीचं नातं तसं जुनंच आहे. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉन या मोटार रॅलीत लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून चुसान नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत पोचताना रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना पहिली होती, जिंकली मात्र अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर. नझीर हुसेन यांनी सुरू केलेली हिमालयन रॅली, तीही १९८० मध्ये मुंबईतूनच सुटली होती. हे वाचून गेलात तर साधी दिसणारी गाडीसुद्धा वेगळी दिसते.

नंबरप्लेटही बघा, काहींवर 'व्हीए' अक्षरं दिसतील. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ही वेगळी नोंदणी मिळते, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच.

गाड्या सुटल्या की सीएसएमटीकडे चालत जाऊन पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खा आणि मेट्रो ३ पकडून थेट बीकेसीला उतरा, रविवारी मेगाब्लॉकच्या भानगडीत पडूच नका.

बीकेसीत मी दोनच गाड्यांवर वेळ घालवला. एक फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, २०२५ मध्ये आपल्याकडे आली, दोन लिटर टर्बो, २६५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), आणि सगळी ताकद पुढच्याच चाकांवर. म्हणून तिला पुढे इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक दिलाय, वळणात आतलं चाक नुसतं फिरू नये म्हणून. सेल्समनला हेच विचारा, स्क्रीन केवढी आहे ते नका विचारू. दुसरी महिंद्राची फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीतली रेसकार, जेन ३ (तिसरी पिढी), म्हणजे २०२३ ला हैदराबादच्या रस्त्यांवर पळाली तीच पिढी. मागे वाकून बघा, नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक मागच्या चाकांना नाहीतच, मोटरच उलटी वीज बनवून गाडी थांबवते! मी तिथेच गुडघ्यावर बसलो होतो, मागचे लोक वैतागले असतील पण इलाज नव्हता.

लहान मुलं असतील तर बीकेसी आटोपतं घ्या, स्टेशनपासून उन्हात चालायला लागतं. पाणी बरोबर ठेवा. आणि कुठल्या रविवारी रॅली आहे ते आदल्या आठवड्यात पेपरात बघून घ्या, दरवर्षी तारीख बदलते आणि कधीकधी मार्गही.