मशरूम कबाब: नाव एकाचं, प्रथिनं दुसऱ्याची

नेदरलँड्समध्ये शाकाहारी म्हणून सांगितलं की ताटात हमखास मशरूम येतं. इथं त्याची शेतीच मोठी आहे. पांढऱ्या बटन मशरूमचा पाव किलोचा ट्रे कुठल्याही दुकानात मिळतो, म्हणून घरी कबाब सुरू केले. लातूरला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "कुत्र्याच्या छत्र्या खायलास की काय रे?" तिची धास्ती अगदीच खोटी नाही. रानात उगवलेली विषारी जात कितीही शिजवली तरी निर्धोक होईलच असं नाही. दुकानातलं मशरूम लागवडीचं असतं.

इथले आपले मित्र मात्र हे कबाब 'भरपूर प्रोटीन' म्हणून हाणतात. जरा हिशेब मांडू. 100 ग्रॅम कच्च्या मशरूममध्ये प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम, उष्मांक 22 च्या आसपास आणि पाणी 92 टक्के! चिरून तव्यावर टाकलं की आधी तवाभर पाणी सुटतं. ते पूर्ण आटून कडा तांबूस होईपर्यंत दम धरायचा, नाहीतर कबाब उलटताना फुटलाच म्हणून समजा.

खरं बळ येतं ते बांधणीला घातलेल्या हरभऱ्याच्या डाळीतून. पाव किलो मशरूममधून 8 ग्रॅमसुद्धा प्रथिनं मिळत नाहीत. 100 ग्रॅम कोरडी डाळ भिजवून, शिजवून घातली तर तिची एकटीची 20 ग्रॅम होतात. हॉटेलवाले डाळीऐवजी बटाटा आणि कॉर्नफ्लोअर भरतात, तिथं प्रथिनांचं नाव काढू नये. वर तळलेलं असेल तर कमी उष्मांकाची बातही संपली, कारण एका मोठ्या चमचाभर तेलातच 120 उष्मांक असतात. मी तव्यावर थोड्या तेलात भाजतो, आणि मसाला घरून आलेला काळाच.

मग मशरूम घालायचंच कशाला? एक तर चव. कांदा-लसणाबरोबर परतलं की मटणाच्या रश्शाच्या जवळ जाणारा खमंगपणा येतो. शिवाय रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं आणि सेलेनियम हे खनिज. आणि ड जीवनसत्त्व, पण त्याला ऊन लागतं. चिरलेलं मशरूम भर दुपारी थोडा वेळ उन्हात ठेवलं की त्यातल्या एर्गोस्टेरॉल या घटकाचं डी-2, म्हणजे ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, बनतं. खिडकीच्या काचेआड ठेवून उपयोग नाही, लागणारे किरण काच अडवते. इथल्या हिवाळ्यात तर उघड्यावर ठेवूनही फारसं काही होत नाही. तुमच्याकडं गच्चीवर कुरडयांशेजारी एक ताट सहज मावेल. बी-12 जीवनसत्त्वासाठी मात्र मशरूमच्या भरवशावर राहू नका, दूध-दही चालू ठेवा.