हे घालून बसायचं कसं?

कलाकार शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं फोटोत तरी पाहिली असतील तुम्ही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसला डिओर या फॅशन ब्रँडच्या शोच्या सेटवर होती ती, तेव्हा माझ्या इन्स्टावर तेच चालू होतं. पण मूळ काम त्याच्या बरंच आधीचं, २०१० ते २०१२ मधलं, 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' नावाचं. बाई आपल्या मुंबईच्याच. वेत वाकवून, बांधून अख्ख्या अंगाला बसेल असं केलंय, खांदे, गळा, कंबर, खाली घेर, आणि नुसतं गॅलरीत मांडून न ठेवता स्वतः ते घालून मुंबईत सार्वजनिक जागी उभं राहून फोटो काढलेत, हे मला जास्त भारी वाटतं.

सासूबाईंना झूम करून दाखवलं. म्हणाल्या, "सुरेख आहे गं, पण हे घालून बसायचं कसं?"

अहो तेच तर! बाहेरून कोणाचा हात लागणार नाही हे खरं, पण आतली बाई पण धड वाकू शकत नाही, बसू शकत नाही. चिलखत आणि पिंजरा एकच. आणि मटेरियल बघा, ज्या वेताची आरामखुर्ची होते त्याचीच मास्तरांची छडी पण व्हायची.

पाकिस्तानच्या कलाकार नायझा खान यांनी २००८ मध्ये झाशीच्या राणीसाठी स्टीलचं चिलखत केलंय, ते पण जबरदस्त आहे, पण मला वेतच आवडतो, कारण आरपार दिसतं, आत माणूस आहे हे विसरता येत नाही.

आपण ठाण्याच्या बायका तरी वेगळं काय करतो? सॅक पुढे, कोपर बाहेर, ओढणीची पिन हाताशी, असं करून ब्रिज चढतो, आणि लेडीज डब्यात शिरल्यावर सॅक खाली घेतली तरी खांदे अर्धा वेळ तसेच वर चढलेले असतात, माझे तरी मुलुंडपर्यंत. याला कोणी कला म्हणत नाही, "जरा सांभाळून जा" म्हणतात. मुलांना कधी कोणी म्हणतं का?

मला हे चिलखत एकदा ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर बघायचंय, सकाळी साडेआठच्या गर्दीत. घेर जिन्यात अडकणार हे नक्की, मागून शिव्या पण पडतील. पडू देत.