दोन मीटरचा बाल्सा ग्लायडर घरी बांधताना

पहिला आरसी (रेडिओने चालवायचा) ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरचा आणि फक्त रडर (शेपटीची डावी-उजवीकडे वळणारी उभी पट्टी) व एलिव्हेटर (वर-खाली होणारी आडवी पट्टी) यांवर चालणारा असावा, असं माझं ठाम मत आहे. एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, लागत नाहीत. पंखांची टोकं वर उचललेली असली की रडर देताच विमान आपसूक कलतं आणि वळतं. माझ्या आराखड्यात प्रत्येक बाजूला ६० सेमीचा सरळ भाग आहे, रुंदी २२ सेमी. त्याला जोडून ४० सेमीचा निमुळता तुकडा येतो, त्याची टोकाकडची रुंदी १५ सेमी. क्षेत्रफळ साधारण ४१ चौरस डेसिमीटर. सगळं सामान धरून वजन ७५० ग्रॅम राहिलं तर चौरस डेसिमीटरला जेमतेम १८ ग्रॅम भार पडतो आणि विमान नवख्याला झेपेल इतकं सावकाश तरंगतं. ९०० ग्रॅमचंही उडतं, पण उतरताना पळतं.

म्हणून काम सुरू होतं ते वजनकाट्यावर. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या १००० × १०० × २ मिमीच्या शीटचं आकारमान २०० घन सेमी. ती २० ग्रॅम भरली तर घनता घनमीटरला १०० किलो, ४० भरली तर २००. एकाच पाकिटातून दोन्ही निघू शकतात. मी प्रत्येक शीटवर पेन्सिलीने वजन लिहून ठेवतो. हलकी शेपटीला, मधली रिबना (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना), जड फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूंना. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हाचे आकडे खरे मानू नयेत. कोरड्या कपाटात आठवडाभर ठेवून मग तोलावं. शेपटीच्या बाबतीत मी कंजूष आहे, त्याला कारण आहे. शेपूट सीजीपासून (विमान ज्यावर तोललं जातं त्या बिंदूपासून) ७० सेमी मागे आणि नाक २५ सेमी पुढे असेल, तर शेपटीतला प्रत्येक जादा ग्रॅम नाकात जवळपास ३ ग्रॅम शिसं मागतो. त्यामुळे शेपूट सलग शीटची न करता ५ मिमीच्या काड्यांची जाळी करावी.

वजनाइतकाच ग्रेन, म्हणजे लाकडाच्या तंतूंची ठेवण, महत्त्वाचा. शीट उजेडात धरली की काहींवर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते. हा सी-ग्रेन: आडवा वाकत नाही, वाकवला तर चिरतो. रिबना हाच हवा. सरळ लांब रेघांचा ए-ग्रेन सहज गोल वळतो, तो लीडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) शीटिंगसाठी, म्हणजे तिच्यावरच्या शीटच्या आवरणासाठी, बाजूला काढावा.

सरळ भागाच्या रिब एकेक कापत बसू नका. प्लायवूडचे दोन नमुने करायचे, त्यांच्यामध्ये २ मिमी बाल्साचे तुकडे रचून ३ मिमीच्या दोन बोल्टनी आवळायचे आणि सगळी चळत एकदम घासायची. स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काड्यांच्या) खाचाही त्याच वेळी करवतीने पाडायच्या, म्हणजे एका ओळीत येतात. निमुळत्या भागाला एका टोकाला मोठा आणि दुसऱ्याला छोटा नमुना लावतात. तिथे रिबच्या कडा तिरप्या येतात, त्या नंतर सरळ कराव्या लागतात.

पंख बांधायला सपाट पाट हवा, आणि सपाट म्हणजे खरोखर सपाट. दोरी ताणून तपासा. त्यावर आराखडा, वर पारदर्शक प्लास्टिक, मग टाचण्या. क्लार्क वाय नावाच्या रिबच्या आकाराचा तळ पुढचा तिसरा हिस्सा सोडला तर सपाट असतो, म्हणून तो पाटावर नीट बसतो. लीडिंग एजखाली मात्र पट्टीचा आधार द्यावा लागतो. ६ × ३ मिमीचे स्प्रूस लाकडाचे दोन स्पार, एक वर, एक खाली. रिबमधलं अंतर ५० मिमी.

खरी ताकद स्पारमध्ये नसून दोन स्पारच्या मधल्या वेबमध्ये (त्यांना जोडणाऱ्या उभ्या तुकड्यांमध्ये) असते. विमान दोरीने वर खेचून उडवताना वरचा स्पार दाबला जातो आणि बाहेर फुगू पाहतो. १.५ मिमी बाल्साचे वेब त्याला जागेवर धरतात. त्यांचा ग्रेन उभा हवा. आडवा लावला तर वेब स्वतःच चेपतो आणि पंख हवेत मिटतो. घाईत सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी हीच. निदान मधल्या भागात एकही खण रिकामा सोडू नये.

वरचं शीटिंग चिकटवताना पंख पाटावर टाचलेलाच असला पाहिजे. खाली-वर शीट, मध्ये वेब असा बंद डबा एकदा झाला की त्यात अडकलेला पीळ निघत नाही. हवा असलेला पीळही इथेच द्यायचा: टोकाच्या ट्रेलिंग एजखाली (मागच्या कडेखाली) ३ मिमीची पट्टी सरकवली की वॉशआउट, म्हणजे टोकाची मागची कड किंचित वर ठेवणारा पीळ, मिळतो आणि वेग पडल्यावर टोक आधी ढासळत नाही.

मधल्या जोडाला दोन्ही बाजूंनी ३ अंश, म्हणजे ६० सेमीवर ३१ मिमी उचल. टोकाच्या तुकड्याला त्याहून आणखी ६ अंश, ४० सेमीवर ४२ मिमी. जोडांना प्लायच्या ब्रेस (आधारपट्ट्या) आणि तीस मिनिटांचं इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद). बाकी ठिकाणी पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) चालतो. फेव्हिकॉल मजबूत आहे, पण सुकल्यावर रबरासारखा राहतो. पॉलिश पेपर लाकूड खातो आणि गोंदाची रेघ वर उरते. घासायच्या कडांवर तो नको.

फ्यूजलाजचं फार कौतुक नाही: ३ मिमी बाल्साची पेटी, पुढच्या अर्ध्या भागात ०.८ मिमी प्लायचं अस्तर. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (रडर आणि एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पंखाखाली, बॅटरी अगदी नाकात.

कव्हरिंगची, म्हणजे सांगाड्यावर इस्त्रीने चिकटवायची, फिल्म आधी खाली, मग वर. सुमारे १०० अंशांवर कडा चिकटवायच्या, १४० च्या आसपास ताणायची. घरच्या इस्त्रीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, तुकड्यावर आधी करून बघा. शेपटीची एक बाजू पूर्ण ताणून मग दुसरी घेतली तर ती पापडासारखी वळते. दोन्ही बाजू थोड्या थोड्या आळीपाळीने ताणा. पंखात पीळ दिसलाच तर उलट दिशेला पिळून धरायचा, फिल्म पुन्हा तापवायची आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही.

सीजी लीडिंग एजपासून ७५ मिमीवर. एलिव्हेटर दोन्हीकडे १० मिमी, रडर २५ अंशांच्या आसपास. गवताळ मैदानात वाऱ्याच्या तोंडावर, पंख समतल आणि नाक किंचित खाली ठेवून सरळ भिरकावायचं. वर फेकलं की विमान थबकतं आणि नाकावर येतं. उंचीवर गेल्यावर आधी ट्रिम (स्टिकला हात न लावता सरळ उडेल अशी जुळवणी), मग साधारण ३० अंशांची डाइव्ह देऊन स्टिक सोडायची. झपकन वर उठलं तर सीजी फार पुढे, डाइव्ह वाढतच गेली तर मागे. हळूहळू सावरलं तर शिशाला हात लावू नका.

उंची मिळवायला ३० मीटर सर्जिकल ट्यूब (ताणली जाणारी रबरी नळी) आणि १०० मीटर नायलॉनची दोरी. ओढ विमानाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट, म्हणजे स्प्रिंगकाट्यावर अडीच ते तीन किलो. दोरी अडकवायचा हुक सुरुवातीला सीजीच्या १० मिमी पुढे. तिथून विमान सरळ पण सपाट चढतं. मग २-२ मिमी मागे सरकवत जायचं आणि चढताना ते डावी-उजवीकडे हुंदडायला लागलं की एक पायरी पुढे घेऊन स्क्रू आवळायचा.